अपघाताचा क्लेम आणि वकिलाची फी: टक्क्यावर केस द्यावी का?

रोहिणी_भोसरी
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या दिरांच्या दुचाकीला गेल्या महिन्यात नगर रस्त्यावर पिकअप टेम्पोने मागून धडक दिली. उजव्या मांडीचं हाड आणि मनगट मोडलं. मांडीत रॉड, मनगटाला प्लेट. वय ३८. भोसरीत स्वतःचं छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे, ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड वगैरे. वेल्डिंगचं अर्धं काम उकिडवं बसून असतं, ते पुन्हा कधी जमेल हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

ते अ‍ॅडमिट असतानाच एक गृहस्थ वॉर्डात आले. "आमचे साहेब क्लेमच्या केसेस करतात, आत्ता एक रुपया द्यायचा नाही, पैसे आले की २५ टक्के" असं म्हणून कोऱ्या कागदांवर सह्या मागायला लागले. जाऊबाईंनी पेन हातात घेतलं होतं, मी थांबवलं. घरात आता दोन मतं आहेत. आमच्या ह्यांचं म्हणणं, खिशातून काही जात नाही तर बिघडलं कुठे? मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही.

टक्केवारी कायद्यात बसते का? फी ठरवायची कशी? आणि भरपाईचा आकडा कोण काढतं, कशावरून? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया लिहा.

पेठकर
सही केली नाहीत हे झकास केलंत. कोऱ्या कागदावर आमच्याकडे किराण्याची यादीसुद्धा कुणी सही करून देत नाही.

शंतनू_वारजे
माझं मत वेगळं आहे. बाबा अपघातात गेले तेव्हा मी बारावीत होतो. घरात कमावणारं कुणी उरलं नव्हतं. आमच्या वकिलांनी १५ टक्के ठरवले होते आणि निकाल लागेपर्यंत खरंच एक पैसा मागितला नाही. झेरॉक्स, टायपिंग, साक्षीदारांचा जाण्यायेण्याचा खर्च, सगळं त्यांनी केलं. आधी फी भरा म्हटले असते तर आईने केसच लावली नसती. हातावर पोट असलेल्या माणसाला टक्केवारीशिवाय कोर्टाची पायरी चढता येत नाही, हे लक्षात घ्या.

काळा_कोट
रोहिणीताई, मी वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेत नियम २० आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, असं तो सरळ सांगतो. म्हणजे "जिंकलो तर २५ टक्के" हा करारच वकिलाने करायचा नसतो. नियम ३६ प्रमाणे गिऱ्हाईक शोधत फिरायलाही मनाई आहे, स्वतः नाही आणि माणूस पाठवूनही नाही. वॉर्डात आलेल्या त्या गृहस्थांनी एका दमात दोन्ही नियम मोडले.

याच विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. तेलंगणातल्या एका बाईंचे पती रस्ता अपघातात गेले होते. भरपाई मिळाल्यावर त्यांनी वकिलाला १० लाख रुपये दिले. वकिलाने आणखी ३ लाखांचा चेक लिहून घेतला, तो वटला नाही, म्हणून त्याने बाईंवरच चेक बाउन्सची केस टाकली. कोर्टाने ती केस रद्द केली. मिळालेल्या रकमेच्या टक्केवारीवर फी मागणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, त्या मागणीच्या जोरावर वसुली करता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं.

शंतनू, तुमच्या आईंची अडचण खरी होती आणि ते वकीलही माणूस म्हणून चांगले असतील. पण त्या अडचणीवर कायद्यात दुसरी सोय आहे आणि ती लोकांना कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगर कोर्टातच आहे. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे. हेल्पलाइन १५१००. तुमच्या आई त्यात सहज बसल्या असत्या.

शंतनू_वारजे
हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! आईला उद्याच विचारतो, तिला हे माहीत होतं का. तरी एक शंका आहेच. मोफत मिळालेला वकील जीव ओतून केस लढतो का?

मंजिरी_क
माझ्या मावशीला विधी सेवेतूनच वकीलबाई मिळाल्या होत्या, केस पोटगीची होती. दर तारखेला हजर असायच्या, फोन उचलायच्या. पैसे घेणारा वकील फोन उचलतोच असं कुठे आहे?

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत मात्र सगळं टक्केवारीवरच चालतं. महामार्गावर वकिलांचे हसरे चेहरे आणि फोन नंबर असलेले प्रचंड फलक लागलेले असतात. एक तृतीयांश ही नेहमीची फी. न्यू जर्सीत कोर्टाच्या नियमानेच टक्क्याला वरची मर्यादा घातली आहे आणि रक्कम वाढत जाते तसा टक्का उतरतो. पण खरी मेख फीच्या पलीकडे असते. मेडिकल रेकॉर्ड मागवणं, तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष, फायलिंग, हा खर्च फीहून वेगळा. तो आधी वजा करून उरलेल्यावर टक्का लावायचा की आधी टक्का काढून मग खर्च कापायचा, यात जखमी माणसाच्या हातात पडणारी रक्कम बदलते. शिवाय हॉस्पिटल आणि आरोग्य विमा कंपनीही आपला वाटा मागायला उभी असते. माझ्या सहकाऱ्याला तडजोडीचा आकडा ऐकून आनंद झाला होता, प्रत्यक्ष चेक आला तो निम्म्याहून कमी.

पेठकर
म्हणजे तिकडे फलक आणि इकडे वॉर्डात माणूस. फलक बरा, निदान उशाशी येऊन बसत नाही.

निवृत्त_विमावाली
सरकारी विमा कंपनीच्या क्लेम विभागात माझी नोकरी झाली, टेबलाच्या पलीकडची बाजू मी पाहिली आहे. रोहिणी, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. आकडा कुणाच्या मनात येईल तो नसतो, त्याला ठरलेलं गणित आहे.

समज, तुझ्या दिरांचं उत्पन्न महिना २०,००० आहे असं कोर्टापुढे सिद्ध झालं. वर्षाचे २,४०,०००. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढे उत्पन्न वाढलं असतं याचे ४० टक्के मिळवायचे. हे २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या निकालावरून. झाले ३,३६,०००. आता कमाईची ताकद कायमची किती गेली? ३० टक्के धरू. म्हणजे वर्षाला १,००,८०० चं नुकसान. याला वयाप्रमाणे गुणक लावायचा. ३६ ते ४० वयाला १५, हा तक्ता २००९ च्या निकालातला. झाले १५,१२,०००. याशिवाय औषधोपचाराचा खर्च, घरी बसावं लागलं त्या काळातली बुडालेली कमाई, वेदना, पुढची ऑपरेशनं, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा खर्च. आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज.

आता त्या गृहस्थांचे २५ टक्के काढ. नुसत्या १५,१२,००० वर ३,७८,००० होतात. हे पैसे कशाचे आहेत ते बघ. ज्या हाताने पुढची वीस-पंचवीस वर्षं वेल्डिंग करायचं त्या हाताचे आहेत.

या गणितात दोनच आकडे हलतात, उत्पन्न आणि अपंगत्वाचा टक्का. विमा कंपनीचा वकीलही तिथेच जोर लावतो. म्हणून कागद आत्तापासून जमवा. आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे, उद्यम नोंदणी असेल तर ती, गिऱ्हाइकांना दिलेली बिलं, पत्रा-अँगल आणल्याच्या पावत्या. कागद नसले तर कोर्ट अंदाजाने उत्पन्न धरतं आणि तो अंदाज बहुधा खऱ्या कमाईपेक्षा कमी असतो.

डॉ_प्लास्टर
अपंगत्वाच्या टक्क्याबद्दल अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून लिहितो. आम्ही देतो तो टक्का बहुतेक वेळा त्या अवयवापुरता असतो. कोर्टाला हवं असतं ते, माणसाच्या कमाईवर परिणाम किती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या एका निकालात याचं उदाहरण आहे. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. हात तोच, नुकसान वेगळं. तेव्हा तुमचे दीर काय काम करतात, कसं बसतात, ग्राइंडर कोणत्या हातात धरतात, किती वजन उचलतात, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तपशीलवार सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

प्रमाणपत्राची घाई करू नका. हाड जुळून, फिजिओथेरपी होऊन, जेवढी सुधारणा व्हायची तेवढी झाली की मग. आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच कोर्टात साक्षीला यायला आत्ताच विचारून ठेवा. प्रमाणपत्र देणारा डॉक्टर उलटतपासाला उभा राहिला नाही तर त्या कागदाचं वजन उतरतं.

मेडिकलच्या दुकानातली बिलं उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात. काही महिन्यांत अक्षरं उडून पांढरी पट्टी उरते. आजच झेरॉक्स काढा आणि मूळ बिल मागे पिन करा.

तळजाई
दिरांनी हेल्मेट घातलं होतं का? नसेल तर भरपाई कापतात ना?

पेठकर
आला! पुण्यातला धागा आणि हेल्मेट आलं नाही असं होणार नाही.

सायकलवाला_कर्वेनगर
कापायलाच हवी. नियम पाळायचा नाही आणि वर पैसे मागायचे?

मंजिरी_क
अहो, मोडलंय मांडीचं हाड. मागून टेम्पोने उडवलं. हेल्मेट मांडीला घालतात का?

सायकलवाला_कर्वेनगर
मी या केसबद्दल बोलत नव्हतो, एकूण शिस्तीबद्दल बोलत होतो.

काळा_कोट
मंजिरीताईंचा मुद्दा कायद्यालाही धरून आहे. जखमी माणसाच्या स्वतःच्या चुकीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली असं सिद्ध झालं तरच त्या प्रमाणात रक्कम कमी होते. डोक्याला मार नसेल तर हेल्मेटचा मुद्दा फारसा टिकत नाही. मागून धडक असेल तर पंचनामा नीट वाचा. टेम्पोच्या ब्रेकच्या खुणा, दुचाकीचा मागचा भाग चेपलेला, हे लिहिलंय का ते बघा.

संपादक
हेल्मेटसाठी जुना धागा उघडा आहे. कृपया तिकडे.

नवा_सभासद_हडपसर
घाई कशाला करता? अशा क्लेमला मुदत नसते. आमच्या गावाकडे एकाने तीन वर्षांनी लावला होता.

काळा_कोट
ही माहिती जुनी आहे आणि तिच्यामुळे लोक अडकतात. मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने मुदत काढली होती हे खरं. पण २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही २०२५ मध्ये झाला. पण अंतिम निकाल आपल्या हातात नाही. रोहिणीताई, सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर मांडा आणि तिच्या बऱ्याच आधी अर्ज दाखल होऊ द्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र नंतर जोडता येतं, अर्ज त्यासाठी अडत नाही.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण शिवाजीनगर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. अर्ज त्याच कायद्याच्या कलम १६६ खाली. अपघात जिथे झाला किंवा अर्जदार जिथे राहतो, दोन्हीकडे अर्ज करता येतो, तुमचं दोन्ही पुण्यातच. पोलिसांनीही अपघाताचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तपास अधिकाऱ्यांना भेटून तो गेला का ते विचारा, त्याची प्रत मागा.

तळजाई
टेम्पोला विमाच नसेल तर?

निवृत्त_विमावाली
तर मालकाकडून वसूल करावं लागतं आणि ते जिकिरीचं असतं. आधी एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून विमा चालू आहे का ते बघा. थर्ड पार्टी विम्यात जखमी किंवा मृत माणसाच्या भरपाईला वरची मर्यादा नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आणि धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर कलम १६१ ची योजना आहे. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे.

शंतनू_वारजे
हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेमने भरलं असेल तर ते भरपाईतून वजा होतं का? माझ्या मित्राची केस आहे.

काळा_कोट
वजा होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं. मेडिक्लेमचे हप्ते माणसाने स्वतः भरलेले असतात, त्याचा फायदा अपघात करणाऱ्याच्या विमा कंपनीला का द्यायचा, असं त्यामागचं तत्त्व.

रोहिणी_भोसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. विमावाली ताई, तुमचं गणित मी ह्यांना वाचून दाखवलं. ३,७८,००० हा आकडा ऐकल्यावर ते गप्पच झाले. जाऊबाईंनी रात्रीच बिलांची पिशवी पलंगावर पालथी केली आणि तारखेप्रमाणे लावायला बसल्या. दोन बिलं खरंच अर्धी पुसली गेली होती, त्या दुकानातून उद्या दुसरी प्रत मागणार आहे.

काळा कोट सर, टक्का नाही म्हटल्यावर मग वकिलांशी बोलायचं काय? फी किती, हे विचारायलाच संकोच वाटतो. आणि तुम्हीच केस घ्याल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

काळा_कोट
ताई, व्यनि पाहिला. इथे ओळख झाली म्हणून केस घेणं मला योग्य वाटत नाही, वर मीच नियम ३६ सांगून बसलो आहे. पण काय विचारायचं ते सांगतो, आणि संकोच अजिबात करू नका.

दोन-तीन वकिलांना भेटा. आधी विचारा, अपघाताच्या दाव्यांत पुरावा स्वतः नोंदवता का, की तारखेला ज्युनियर पाठवता? मग फी. ती ठरावीक रकमेत आणि टप्प्यांत मागा. अर्ज दाखल करताना काही, साक्षीपुरावा सुरू झाल्यावर काही, युक्तिवादाच्या वेळी उरलेली. हातात पैसे कमी असतील तर पहिला टप्पा लहान ठेवा म्हणून सांगा, बरेच वकील ऐकतात. कोर्ट फी, टायपिंग, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा, हे तेव्हाच विचारा. विमा कंपनी उच्च न्यायालयात अपिलात गेली तर ती फी वेगळी पडते, तेही. हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. प्रत्येक वेळी पावती.

वकीलपत्रावर सही जरूर करा, पण भरलेल्या वकीलपत्रावर. कोरे कागद, कोरे चेक कुणालाही नाही. भरपाई थेट जखमी व्यक्तीच्या बँक खात्यात जमा करावी असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिले आहेत, त्यामुळे खात्याचे तपशील दिरांचेच द्या आणि पासबुक-एटीएम कार्ड कुणाच्या ताब्यात देऊ नका.

मंजिरी_क
आणि मध्येच वकील बदलायचा झाला तर? पहिला फाइल अडवून ठेवतो, ना-हरकत देत नाही, असं फार ऐकलंय.

काळा_कोट
फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आहे. फीसाठी वकिलाला वेगळी दाद मागता येते, कागद मात्र परत द्यावेच लागतात. अडवणूक झाली तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करा. ग्राहक मंचात जाऊ नका, वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा मे २०२४ चा निकाल आहे.

शंतनू_वारजे
आईशी बोललो. तिला विधी सेवेचं कुणीच सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात नाही, पोलीस चौकीत नाही. वकिलांबद्दल तिच्या मनात आजही आदरच आहे आणि माझ्याही. पण आता शेजारी, नातेवाईक कुणी विचारलं तर मी आधी १५१०० नंबर देईन.

रोहिणी_भोसरी
एक शेवटचं विचारते. विमा कंपनीच्या माणसाचा कालच फोन आला होता. "लोकअदालतीत मिटवून टाका, लवकर पैसे मिळतील, वकिलाचीही गरज नाही." दिरांना हप्ते भरायचेत, त्यांचा जीव तिकडे ओढतोय.

निवृत्त_विमावाली
लोकअदालत वाईट नाही गं. मी कित्येक कुटुंबांना तिथे चांगली रक्कम मिळालेली पाहिली आहे, वर्षानुवर्षांच्या तारखा वाचतात. पण तिथे झालेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. प्लेट काढायचं ऑपरेशन बाकी आहे, मनगट किती वळणार हे ठरलेलं नाही, अपंगत्वाचा टक्का हातात नाही. मग तडजोडीचा आकडा कशावर काढणार? त्या माणसाला गोड बोलून सांग, "प्रस्ताव लेखी पाठवा." फोनवर हो-नाही काही बोलू नका. वरचं गणित करून ठेव, प्रमाणपत्र आलं की त्यात खरा टक्का घाल, आणि मग त्यांच्या आकड्याशी ताडून बघ.

डॉ_प्लास्टर
मनगटाची हालचाल साधारण सहा महिने ते वर्षभर सुधारत राहते. फिजिओथेरपी चुकवू नका आणि दर वेळचा कागद त्याच पिशवीत ठेवा.

काळा_कोट
हप्त्यांसाठी बँकेला अपघाताचे कागद दाखवून मुदतवाढ मागा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.